घाटातली पाटी तीनदा का लिहावी लागली: एक प्रकरण अभ्यास

घाटाचं आणि गावाचं नाव, तसंच गावातल्या माणसांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. पाटीवरचा मजकूर तिन्ही वेळा मीच लिहिला होता, म्हणून हे टिपण मीच लिहितो आहे. भूशास्त्र शिकवणं हा माझा पेशा.

पार्श्वभूमी

कोकणातून वर चढणाऱ्या या घाटात शेवटच्या मोठ्या वळणाआधी रस्त्यासाठी कडा तासलेला आहे. तासलेल्या भिंतीत छातीच्या उंचीवर विटेच्या रंगाची एक पट्टी आडवी जाते, कुठे वीतभर जाड, कुठे हातभर. वर काळा कातळ, खालीही काळा कातळ. पट्टी नखाने खरवडली तर तांबडा भुगा हाताला लागतो, आणि पावसाळ्यात त्याच रंगाच्या ओघळी खालच्या कातळावर उतरतात. गावातल्या बायका पूर्वी तुळशीवृंदावन सारवायला इथूनच गेरू न्यायच्या. भूशास्त्रात या पट्टीला 'रेड बोल' म्हणतात. लाव्हारसाचा एक थर थंड झाला, पुढचा यायला वेळ लागला. त्या उसंतीत वरचा भाग कुजून, धूळ आणि राख साचून माती झाली, आणि मग पुढच्या लाव्हारसाने ती भाजून काढली.

गावच्या युवक मंडळाला २०११ साली वाटलं की इथे पर्यटक थांबतात, वडापाव खातात, फोटो काढतात, तर समोर काय दिसतंय हे सांगणारी एक पाटी असावी. सरपंचताईंनी ग्रामपंचायतीतून पत्र्याचा खर्च दिला, तालुक्याच्या पेंटरने अक्षरं काढली. मजकूर माझा:

'हा दख्खनचा काळा पाषाण. ६.५ कोटी वर्षांपूर्वी येथे महाभयंकर ज्वालामुखी झाला. त्याच्या विषारी वायूंनी पृथ्वीवरील डायनोसोर नष्ट झाले.'

लोकांना पाटी फार आवडली. 'आमच्या घाटाने डायनोसोर मारले' असं पोरं अभिमानाने सांगायची. लाव्हारस डोंगरातून 'फुटून' आला नव्हता, लांबच लांब भेगांतून पसरला होता, हे त्या तीन वाक्यांत कुठेच नव्हतं. पण खरी चूक तिसऱ्या वाक्यात होती, आणि ती मला तेव्हाही कळायला हवी होती. १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुब्बिओच्या खडकात इरिडियमची, म्हणजे लघुग्रहांत जास्त सापडणाऱ्या धातूची, रेघ दाखवली, लघुग्रहाच्या आघाताची खूण म्हणून. १९९१ मध्ये मेक्सिकोच्या युकातान भागातलं चिक्शुलूबचं प्रचंड विवर त्या आघाताचंच, हे पुढे आलं. २०१० मध्ये तर ४१ शास्त्रज्ञांनी एकत्र लेख लिहून लघुग्रहाच्या आघाताच्या बाजूने कौल दिला होता. पाटी रंगवली त्याच्या एक वर्ष आधी! मी मात्र विद्यार्थिदशेत शिकलो होतो तेच उतरवलं. शिवाय ते आपल्या डोंगराला मोठेपण देणारं होतं. ही पहिली निर्णयाची जागा, आणि तिथे निर्णय असा झालाच नाही. सवयीने लिहून मोकळा झालो.

पहिली दुरुस्ती

२०१५ साली या विषयात दोन मोठे निष्कर्ष आले.

वर्षाच्या सुरुवातीला प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटाने झिरकॉन या खनिजाच्या कणांवरून सांगितलं की दख्खनचा मुख्य उद्रेक डायनोसोरांच्या अंताच्या सुमारे अडीच लाख वर्षं आधी सुरू झाला आणि साधारण साडेसात लाख वर्षं चालला. ऑक्टोबरमध्ये बर्कलीच्या पॉल रेनी यांच्या गटाने लाव्हारसातल्याच खनिजाची वयं काढून वेगळीच गोष्ट पुढे आणली. त्यांच्या मते लघुग्रह आदळल्यानंतर सुमारे पन्नास हजार वर्षांच्या आत दख्खनच्या ज्वालामुखीचा नूर पालटला आणि एकूण लाव्हारसापैकी सुमारे ७० टक्के त्यानंतर बाहेर पडला. आघाताच्या हादऱ्याने ज्वालामुखी भडकला असावा, अशी ती कल्पना.

बातम्यांत हीच कल्पना गाजली. गाजणारच. मेक्सिकोत दणका आणि सह्याद्रीत आग, याहून सरस मथळा कुठला मिळणार? युवक मंडळाच्या अध्यक्षाने मला फोन केला, "सर, आपली पाटी जुनी झाली की." पंधरा दिवसांत जुन्या तिसऱ्या ओळीवर विनाइलचा स्टिकर चढला: 'मेक्सिकोत उल्का आदळल्यामुळे हा ज्वालामुखी भडकला व ७० टक्के लाव्हारस त्यानंतर बाहेर पडला.' (लघुग्रह की उल्का यावर मी थोडा हटून बसलो होतो. गावात सगळे उल्काच म्हणतात, तेव्हा सोडून दिलं.)

त्या स्टिकरवर मूळ लेखातला 'कदाचित' गळून पडला होता. लेखकांनी 'शक्यता' म्हटलं होतं, आम्ही 'मुळे' लिहिलं. ही दुसरी निर्णयाची जागा. पंधरा दिवसांच्या घाईला काहीच कारण नव्हतं. सहा कोटी वर्षं थांबलेला कातळ आणखी वर्षभर थांबला असता.

अडचण

२२ फेब्रुवारी २०१९ ला एकाच नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एक शोएन यांच्या गटाचा, दुसरा बर्कलीच्या परंपरेतला, कोर्टनी स्प्रेन आणि सहकाऱ्यांचा. दोघांनी सह्याद्रीतलेच नमुने घेतले होते, दोघांचा प्रश्नही तोच होता. आपल्याकडचे संशोधकही दोन्हीकडे होते: शोएन यांच्या गटात अमरावती विद्यापीठाचे सय्यद खादरी, स्प्रेन यांच्या गटात मुंबईच्या आयआयटीचे कांचन पांडे.

पहिल्या गटाने म्हटलं की लाव्हारस सलग आला नाही, चार उसळ्यांत आला. त्यातली एक मोठी उसळी आघाताच्या काही दहा हजार वर्षं आधी सुरू झाली. दुसऱ्या गटाने म्हटलं की नव्वद टक्क्यांहून अधिक लाव्हारस दहा लाख वर्षांच्या आत आला आणि त्यातला सुमारे ७५ टक्के आघातानंतर आला.

आठवड्याभरात गावातली बारावीची एक मुलगी शनिवारी माझ्याकडे आली. तिच्या मोबाइलवर दोन बातम्या उघडलेल्या. एकीचा मथळा ज्वालामुखी आधी भडकला असं सांगत होता, दुसरीचा उल्केनंतर.

"सर, पाटीवरचं खरं कुठलं? मला शाळेच्या प्रकल्पात लिहायचंय."

मी नेहमीचं उत्तर दिलं, "विज्ञान बदलत असतं."

"बदलतं ते कळलं. पण ही दोन्ही एकाच दिवशी आलीत. मग कोण बदललं?"

या प्रश्नावर माझ्याकडे तिथल्या तिथे उत्तर नव्हतं. जुनं जाऊन नवं येतं ही मांडणी मी वर्षानुवर्षं वर्गात वापरत होतो, पण इथे दोन्ही निबंध नवेच होते. दोन दिवस लागले मला लेख नीट वाचायला, त्यांच्या पुरवणी तक्त्यांसकट.

निष्कर्ष वेगळे का आले

हा भाग लांबवतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावर उभे राहिले.

आधी जुना फरक: ६.५ कोटी की ६.६ कोटी? शाळेच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं साडेसहा कोटी छापलं जात होतं. आता सगळीकडे ६.६ दिसतं. वाचणाऱ्याला वाटतं, नवे खडक सापडले असतील. तसं काही झालं नाही. खनिजातल्या पोटॅशियमपासून हळूहळू होणाऱ्या आर्गॉन वायूवरून वय काढतात, त्या आर्गॉनच्या पद्धतीत नमुन्याचं वय थेट निघत नाही. ते एका माहीत असलेल्या वयाच्या खनिजाशी तुलना करून काढतात. सर्रास वापरलं जाणारं हे खनिज अमेरिकेतल्या फिश कॅनियनच्या ज्वालामुखी राखेतलं आहे. त्याचं वय २.८०२ कोटी वर्षं धरलं जात होतं. २००८ मध्ये खगोलीय चक्रांशी ताळा घालून ते २.८२०१ कोटी ठरलं. मापाचं वजनच किंचित जड निघालं, तर त्या तराजूत तोललेला सगळा माल पुन्हा तोलावा लागतो. फरक एक टक्क्याहून कमी, पण साडेसहा कोटींवर एक टक्काही साडेसहा लाख वर्षांचा असतो. म्हणजे पाटीवरची '६.५' ही ओळ २०११ मध्ये रंगवतानाच शिळी झालेली होती.

आता २०१९ चा फरक.

झिरकॉनमध्ये युरेनियम असतं, त्याचं हळूहळू शिसं होत जातं. ही पद्धत फार बारीक आहे. या वयांतली अनिश्चितता काही दहा हजार वर्षांवर आणता येते. अडचण अशी की बसाल्टमध्ये, म्हणजे या काळ्या कातळात, झिरकॉन सहसा होतच नाही. म्हणून शोएन यांच्या गटाने ते प्रामुख्याने तांबड्या पट्ट्यांत शोधले, म्हणजे आमच्या पाटीसमोर आहे तसल्या गेरूच्या थरांत. दोन लाव्हारसांच्या मधल्या काळात दुसऱ्या कुठल्या ज्वालामुखीची राख हवेतून येऊन तिथे पडली, तिच्यातले हे कण. म्हणजे घड्याळ अचूक आहे, पण ते लाव्हारसाचं नाही, त्याच्या खालच्या किंवा वरच्या मातीचं आहे. शिवाय तो कण राखेबरोबर पडण्याच्या आधी किती काळ जमिनीखालच्या शिलारसात तयार होऊन पडला होता, हेही पाहावं लागतं.

स्प्रेन यांच्या गटाने आर्गॉनच्या पद्धतीसाठी प्लॅजिओक्लेज हे फेल्डस्पार गटातलं खनिज घेतलं. बसाल्ट भिंगाखाली धरला की पांढुरक्या काड्या दिसतात त्या याच. हे खनिज लाव्हारसाचं स्वतःचं आहे, त्यामुळे घड्याळ जागच्या जागी. पण त्यात पोटॅशियम थोडं असतं आणि पाण्यापावसाने खनिज बिघडतं, म्हणून अनिश्चितता मोठी, लाख वर्षांच्या घरात किंवा त्याहून जास्त.

एकाकडे सेकंदकाटा आहे पण घड्याळ शेजारच्या घरात टांगलंय. दुसऱ्याचं घड्याळ स्वतःच्याच भिंतीवर आहे, पण त्याला फक्त तासकाटा. वर्गात असं सांगितलं की मुलांना पटतं. मलाही बऱ्यापैकी पटलं होतं. पण लेख पुढे वाचल्यावर दिसलं की खरी मेख आणखी पुढे आहे.

डायनोसोरांच्या अंताची इरिडियमची रेघ घाटातल्या या लाव्हारसांत मिळत नाही. मग 'आघाताची वेळ' कड्यावर कुठे धरायची, हे वयांवरूनच ठरवावं लागतं. त्यासाठी आघाताची तारीखही ज्याने त्याने आपापल्या पद्धतीच्या घड्याळाची घेतली होती. भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या थरांना जी नावं दिली आहेत, ती कोकणात उतरणाऱ्या एसटीच्या पाट्यांवर वाचायला मिळतात: इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. खंडाळा आणि पोलादपूर यांच्या मध्ये 'बुशे' आहे. स्प्रेन यांच्या गटाची आघाताची रेघ बुशे संपून पोलादपूर सुरू होतो त्याच्या आसपास पडते. शोएन यांच्या गटाची वर, पोलादपूर संपून आंबेनळी सुरू होतो त्याच्या आसपास.

म्हणजे सगळं भांडण मुख्यतः एका थराचं आहे. पोलादपूर आघाताच्या आधी की नंतर? तो आणि त्याच्यावरचे जाडजूड थर नंतरच्या खात्यात टाकले की ७५ टक्के होतात. पोलादपूर आधीच्या खात्यात टाकला की आघाताच्या तोंडावरची मोठी उसळी दिसते. टक्केवारी काढताना आणखी एक गृहीत आहे: कुठला थर किती दूर पसरला होता आणि त्यातला किती झिजून गेला. दख्खनचा कातळ आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे, मूळचा त्याहून बराच मोठा होता. ७५ हा आकडा कुणी मोजलेला नाही. मोजलेल्या वयांना अंदाजे घनफळांची जोड देऊन तो काढलेला आहे.

आणि आमची पाटी ज्या कड्यासमोर उभी आहे, तो पोलादपूर थराचा आहे.

कपाळावर हात मारला. वाद टाळून लिहिता आलं असतं असे कितीतरी घाट आहेत. नेरळजवळ असतो तर सुखात असतो.

पर्याय

मार्चमध्ये शाळेच्या वर्गात बसलो. मुख्याध्यापिका मॅडम, सरपंचताई, मंडळाची चार पोरं, ती बारावीची मुलगी आणि मी.

पाटी काढून टाकावी, असं मंडळातल्या एकाचं म्हणणं होतं. चुकीचं लिहिण्यापेक्षा नको. यावर फार चर्चा झाली नाही. पाटी गेली की तिथे हॉटेलाची जाहिरात लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

स्टिकर बदलून ७० च्या जागी ७५ करावं, हा सर्वांत स्वस्त पर्याय. नवा आकडा, जुनी गोष्ट. मंडळाचा कल तिकडेच होता. मीही एक क्षण डगमगलो. पण मग दुसऱ्या गटाच्या निबंधाचं काय? एकाच दिवशी आलेल्या दोन निबंधांपैकी आपल्या आधीच्या स्टिकरला जुळतो तोच उचलायचा, ही निवड विज्ञानाची नव्हती, विनाइल वाचवण्याची होती.

वादाचं नावच काढू नये, फक्त वय आणि गेरूचा थर समजावून सांगावा, असं मुख्याध्यापिका मॅडमचं मत. त्यात तथ्य होतं. पाटी वाचणारा माणूस उभ्याने, बहुधा हातात चहाचा कप घेऊन वाचतो. त्याला किती सांगणार?

सरपंचताई वेगळ्याच मुद्द्यावर अडल्या. "पाटीवर 'असावं', 'कदाचित' लिहिलं की लोक म्हणतील, गावाला काही माहीत नाही."

यावर बारावीची मुलगी म्हणाली, "पण ताई, माहीत नाहीये ते शास्त्रज्ञांना. आपल्याला तर त्यांना काय माहीत नाही हेही माहीत आहे."

हशा पिकला आणि बैठकीचं वळण बदललं. वाद दोन ओळींत लिहायचा, पण जे पक्कं आहे त्याच्यापासून वेगळा काढून, असं ठरलं. हा मधला मार्ग मला आधी सुचला नव्हता, हे कबूल करतो. मी मनात दोन्ही निष्कर्षांचा लांबलचक तक्ता करायच्या बेतात होतो. तो कुणी वाचला नसता.

काय केलं

मी एका कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे दोन्ही गटांना मान्य असलेलं, उजवीकडे न जुळणारं. डावा रकाना अपेक्षेपेक्षा खूप मोठा भरला. वय सुमारे ६.६ कोटी वर्षं, दोघांनाही मान्य. मुख्य उद्रेक दहा लाख वर्षांच्या आतला, मान्य. आघात त्या काळाच्या मधेच कुठेतरी झाला, मान्य. एक आठवण इथे सांगावीशी वाटते: १९८६ च्या आधी दख्खनच्या वयांचे जे आकडे प्रसिद्ध होत, त्यांत कोट्यवधी वर्षांचा फरक असे. त्या साली व्हिन्सांत कूर्तियो आणि सहकाऱ्यांनी कातळातल्या चुंबकीय दिशा वाचून सांगितलं की बहुतेक लाव्हारस पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या एकाच उलट्या कालखंडात आला, म्हणजे उद्रेक कोट्यवधी वर्षं चाललेला नसणार. तिथून २०१९ पर्यंत भांडण कोटींवरून काही दहा हजार वर्षांवर आलं होतं. दोन्ही बातम्यांच्या मथळ्यांतून हे पूर्ण निसटलं होतं.

उजव्या रकान्यात दोनच गोष्टी राहिल्या: पोलादपूर आधी की नंतर, आणि लाव्हारस उसळ्यांनी आला की एका चालीने.

'उल्केमुळे भडकला' हे वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं, यावर मी अडलो. स्प्रेन यांच्या गटाची वयं त्याला अनुकूल वाटत होती. पण 'नंतर' आणि 'मुळे' यांत अंतर आहे, आणि ते अंतर दोन्हीपैकी कुठल्याच निबंधाने भरून काढलेलं मला दिसलं नाही. वाक्य काढलं. मंडळाचा अध्यक्ष खट्टू झाला, कारण पर्यटकांना तीच ओळ आवडायची.

मसुदा कागदावर छापून एका रविवारी घाटात उभं राहून दहाबारा जणांना वाचायला दिला. एका टेम्पोचालकाने वाचून विचारलं, "लाव्हारस कुठंय? मला तर दगडच दिसतोय." तेव्हा कळलं, पहिलं वाक्यच समोरच्या कातळाकडे बोट दाखवणारं हवं. एका लहान मुलाने आईला विचारलं, "सगळे डायनोसोर मेले? मग कोंबडी?" त्याच्या शाळेत पक्षी हे डायनोसोरांचेच वंशज असं शिकवलं होतं. 'बहुतेक डायनोसोर' अशी दुरुस्ती केली.

तारीख घालायची की नाही, यावर एक बैठक गेली. तारीख घातली की पाटी जुनी दिसते, ही हरकत. शेवटी घातली. जानेवारी २०२० मध्ये पिन्सेली हल आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. समुद्रतळाच्या गाळातल्या तापमानाच्या नोंदींवरून त्यांनी दाखवलं की ज्वालामुखीच्या वायूंनी झालेली तापमानवाढ आघाताच्या बरीच आधी होऊन ओसरली होती, म्हणजे विनाशाचा मुख्य दोष आघाताकडे जातो. २०११ ची 'विषारी वायूंनी डायनोसोर नष्ट झाले' ही ओळ, जी स्टिकरखाली अजून होती, तिच्यावर शेवटचा खिळा बसला.

अंतिम मजकूर असा:

'समोरचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हारस. वय सुमारे ६.६ कोटी वर्षे. असे थर एकावर एक साचत गेले, त्यातले बहुतेक दहा लाख वर्षांच्या आत. मधली तांबडी पट्टी ही दोन थरांमधल्या उसंतीत झालेली माती, गावात हिला गेरू म्हणतात. याच काळात मेक्सिकोत प्रचंड उल्का आदळली व बहुतेक डायनोसोर नाहीसे झाले. हा कडा त्या आघाताच्या आधीचा की नंतरचा? २०१९ साली एका गटाने पट्टीसारख्या मातीतले कण मोजून 'आधीचा' म्हटले, दुसऱ्याने कातळातले कण मोजून 'नंतरचा'. मजकूर: मार्च २०२०.'

परिणाम

मार्च २०२० म्हटल्यावर पुढचं सांगायला नको. टाळेबंदीत पाटी पेंटरच्या शेडमध्ये भिंतीला टेकून राहिली आणि दिवाळीनंतर लागली.

२०२१ मध्ये शोएन, एडी, केलर आणि सॅम्पर्टन यांनी दोन्ही गटांची आकडेवारी एकाच सांख्यिकी पद्धतीने पुन्हा मांडली. त्यांना दिसलं की एकूण कालावधीवर, साधारण सात ते आठ लाख वर्षांवर, दोन्ही संच छान जुळतात. आर्गॉनची वयं उसळ्यांना दुजोरा देत नाहीत आणि खोडूनही काढत नाहीत, कारण त्यांची अनिश्चितता मोठी आहे. आघाताची रेघ कुठल्या थरात, यावर मात्र दोन्ही संच अजूनही जुळत नाहीत. आणि आघातामुळे उद्रेकाचा वेग वाढला, याला दोन्हीपैकी कुठल्याच संचात आधार नाही. ही फेरमांडणी झिरकॉनवाल्याच गटाची आहे, हे ध्यानात ठेवून वाचावी. तरी 'नंतर' म्हणजे 'मुळे' नव्हे, हे त्यात आकड्यांनी मांडलं गेलं.

२०१५ चा स्टिकर असता, तर आमची पाटी पुन्हा खोटी पडली असती. २०२० च्या पाटीतला एकही शब्द बदलावा लागला नाही. याचं श्रेय फार घेऊ नये. त्यातला निम्मा भाग नशिबाचा होता, पुढच्या निबंधाने पोलादपूरचा प्रश्न सोडवून टाकला असता तर शेवटची ओळ गेलीच असती.

पर्यटकांचं म्हणाल तर शेवटचा प्रश्न वाचून लोक वळून कड्याकडे बघतात, हे चहावाल्याचं निरीक्षण आहे. गेरूच्या पट्टीला बोट लावून बघणारे इतके वाढले की तिथे हाताच्या उंचीवर खळगा पडायला लागला. हा परिणाम कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

२०१५ मध्येच वर्षाच्या सुरुवातीचा आणि ऑक्टोबरचा असे दोन्ही निबंध शेजारी ठेवून वाचायला हवे होते. दोघांतली विसंगती तेव्हाच दिसत होती. मी बातमी वाचली, निबंध नंतर. क्रम उलटा हवा होता.

२०१९ च्या बैठकीत गावाबाहेरचा एखादा भूशास्त्रज्ञ बोलवायला हवा होता. दख्खनच्या थरांची नावं एका घाटातून दुसऱ्या घाटात किती भरवशाने ओढत नेता येतात, यावर आपल्याकडच्याच भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. 'आमचा कडा पोलादपूर थराचा' हे मी प्रसिद्ध नकाशावरून ठामपणे सांगितलं. स्वतः नमुना घेऊन त्याचं रासायनिक पृथक्करण करून तपासलं नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते करता आलं असतं. अजूनही करता येईल.

स्टिकरची कल्पनाच चुकीची होती. वरचा मजकूर उखडला की खालचा जुना दावा उघडा पडायचा, आणि दोन पावसाळ्यांनंतर कोपरे सुटले तेव्हा तसंच झालं. बरेच महिने पाटीवर अर्धं 'विषारी वायूंनी' आणि अर्धं 'उल्का आदळल्यामुळे' एकदमच दिसत होतं.

आणि खळग्याचं काय करायचं, यावर अजून निर्णय झालेला नाही. लोखंडी जाळी बसवा असं ग्रामपंचायतीचं म्हणणं. मुख्याध्यापिका मॅडमना वाटतं, जाळी बसली की मुलं हात लावणार नाहीत, आणि हात न लावता गेरू आणि कातळ यांतला फरक कळणार कसा? त्या मुलीने, आता ती पुण्यात भूशास्त्रातच पदवीला आहे, सुट्टीत आली तेव्हा एक तोडगा सुचवला: खाली पडलेला गेरू एका टोपलीत भरून पाटीपाशी ठेवायचा, बरोबर कातळाचा एक तुकडा आणि एक भिंग. टोपली आणली आहे. भिंग दोनदा चोरीला गेलं.